आधी काय घडले? : वस्ती, पोलीस आणि वार्ताहराची साक्ष

दिनांक ११ जुलै १९९७ रोजी पहाटे मुंबईतील घाटकोपर (पूर्व) येथील माता रमाबाई आंबेडकर नगरात परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पुतळ्याला चपलांचा हार घातलेला रहिवाशांच्या दृष्टीस पडला. वस्तीतील लोकांनी जवळच्या पोलीस चौकीकडे धाव घेतली. तेथून त्यांना पंतनगर पोलीस ठाण्याकडे जाण्यास सांगण्यात आले. सकाळी सातच्या सुमारास वस्तीला लागून असलेला पूर्व द्रुतगती महामार्ग संतप्त लोकांनी रोखून धरला. थोड्याच वेळात राज्य राखीव पोलीस दलाची गाडी आली आणि उपनिरीक्षक मनोहर कदम यांच्या हुकुमावरून गोळीबार झाला. दहा माणसे मृत्युमुखी पडली, अनेक जखमी झाली. मृतांपैकी व जखमींपैकी काहीजण तर महामार्गावर नव्हतेच. ते आपल्या घराजवळच्या गल्लीत होते.

ही घटना आपल्या वाचकांना नव्याने सांगण्याची आवश्यकता नाही. दरवर्षी ११ जुलैला तेथे अभिवादनासाठी जनसमुदाय जमतो. प्रस्तुत लेखात या घटनेकडे एका वेगळ्या बाजूने पाहावयाचे आहे. पोलीस आणि वस्ती समोरासमोर उभी ठाकतात, त्या वेळी तिसरा जो माणूस तेथे असतो, किंवा असावयास हवा असतो, तो म्हणजे वार्ताहर. त्याने काय पाहिले, केव्हा पाहिले आणि कोणत्या शब्दांत लिहिले, यावर पुढचा इतिहास बऱ्याच अंशी अवलंबून राहतो. पत्रकारांवर केवळ रोष व्यक्त करणे हा या लेखाचा हेतू नाही. त्यांच्या साक्षीचे मोल काय व मर्यादा काय, हे तपासणे हा हेतू आहे.

क्रमाचा प्रश्न

पोलीस गोळीबाराच्या प्रत्येक प्रकरणात वादाचा खरा मुद्दा एकच असतो : आधी काय घडले? दगड आधी आला की लाठी आधी उठली? वाहन आधी पेटले की गोळी आधी सुटली? दोन्ही गोष्टी घडल्या हे दोन्ही पक्ष मान्य करतात. मतभेद असतो तो त्यांच्या क्रमाविषयी. क्रम बदलला की अपराधी बदलतो.

कायद्यानेदेखील हा क्रमच महत्त्वाचा मानला आहे. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२९ अन्वये बेकायदेशीर जमावास प्रथम पांगण्याचा हुकूम द्यावयाचा आणि जमाव पांगला नाही, किंवा न पांगण्याचा निर्धार त्याच्या वर्तनातून दिसला, तरच बळाचा वापर करावयाचा, अशी व्यवस्था होती. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४८ मध्ये हीच व्यवस्था कायम आहे. म्हणजे हुकूम आधी, बळ नंतर. हुकूम दिला होता काय, लोकांना तो ऐकू आला होता काय आणि पांगण्यास त्यांना वेळ मिळाला होता काय, हे सांगणारा तटस्थ साक्षीदार नसेल तर पोलिसांच्या नोंदवहीतील ओळ हाच एकमेव लेखी पुरावा उरतो. वस्तीतील माणसाकडे नोंदवही नसते. त्याच्याजवळ फक्त आठवण असते, आणि ती आठवण 'आरोपीच्या बाजूची' म्हणून बाजूला सारली जाते.

येथे मराठी वृत्तपत्रांच्या भाषेकडेही लक्ष वेधणे अगत्याचे वाटते. अशा बातम्यांत एक ठराविक क्रियापद नेहमी आढळते : 'पोलिसांना गोळीबार करावा लागला.' 'पोलिसांनी गोळीबार केला' हे घटनेचे कथन आहे. 'करावा लागला' यात मात्र निवाडा आहे. नाइलाज होता हे त्यात गृहीत धरले आहे. चौकशी आयोग नेमला जाण्यापूर्वी, एकही साक्ष होण्यापूर्वी, व्याकरणाच्या एका रूपाने पोलिसांच्या बाजूने निकाल लागलेला असतो. 'जमाव', 'दंगल', 'बंदोबस्त' हे शब्दही असेच. रस्त्यावर आलेली माणसे 'नागरिक' आहेत की 'जमाव' आहेत, हे बातमीदार ठरवतो आणि दुसऱ्या दिवशी वाचक तेच मानतो.

महाडचा वस्तुपाठ

ही जाणीव बाबासाहेबांना फार पूर्वीपासून होती. ३१ जानेवारी १९२० रोजी त्यांनी 'मूकनायक' सुरू केला, तेव्हा त्याची पैसे घेऊन जाहिरात छापण्यासही 'केसरी'ने नकार दिला होता. ज्यांची जाहिरातही छापली जात नाही, त्यांची बाजू छापली जाईल ही आशा व्यर्थ होती.

२० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्राशन केल्यानंतर, अस्पृश्य आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार अशी अफवा गावात पसरविण्यात आली आणि परतीच्या वाटेवरील प्रतिनिधींवर हल्ले झाले. येथेही प्रश्न क्रमाचाच होता. देवळात शिरण्याचा बेत आधी होता आणि त्यामुळे मारहाण झाली, की बेत नसताना अफवा उठवून मारहाण करण्यात आली? त्यानंतर दोनच आठवड्यांनी, ३ एप्रिल १९२७ रोजी, 'बहिष्कृत भारत'चा पहिला अंक निघाला. महाडच्या प्रकरणाची तपशीलवार हकीकत आणि विरोधकांच्या आक्षेपांना उत्तरे या पत्रातून देण्यात आली. सत्याग्रहाचा नेता आणि त्या सत्याग्रहाचा वृत्तान्त लिहिणारा संपादक एकच होता. पक्षकार असूनही त्यांनी केवळ भावनेला आवाहन केले नाही. मुंबई विधिमंडळाचा १९२३चा ठराव, महाड नगरपालिकेचा १९२४चा ठराव, त्यानंतरची परिषद, त्यानंतरचा हल्ला, असा कागदोपत्री क्रम उभा केला.

या क्रमाचा उपयोग पुढे न्यायालयातही दिसून आला. तळे वापरण्याची बंदी ही अनादि काळापासूनची वहिवाट आहे, असे सवर्ण पक्षाचे म्हणणे होते. दहा वर्षे चाललेल्या या वादात मार्च १९३७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने, अशी अनादि वहिवाट सिद्ध होत नाही, असा निर्णय अस्पृश्यांच्या बाजूने दिला. 'फार पूर्वीपासून' या दोन शब्दांना पुराव्याची मागणी करणे, हा महाडचा एक दुर्लक्षित धडा आहे.

वरळी, १९७४

स्वातंत्र्योत्तर काळात शहरी वस्ती आणि पोलीस यांच्यातील मोठ्या संघर्षाचे पहिले ठळक उदाहरण म्हणून वरळीचे नाव घ्यावे लागते. मध्य-दक्षिण मुंबई लोकसभा मतदारसंघाच्या पोटनिवडणुकीवर बहिष्कार टाकण्याचे आवाहन दलित पँथरने केले होते. त्यासाठी ५ जानेवारी १९७४ रोजी वरळीच्या आंबेडकर मैदानावर सभा झाली. सभेवर दगडफेक झाली, पोलिसांनी लाठीमार केला, राजा ढाले यांना मारहाण झाली. त्यानंतर बी. डी. डी. चाळींच्या परिसरात बरेच दिवस संघर्ष धुमसत राहिला. १० जानेवारी रोजी निघालेल्या मोर्चावर इमारतीवरून टाकलेल्या दगडी पाट्याने भागवत जाधव हा तरुण कार्यकर्ता शहीद झाला.

वरळीची एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. त्या चाळींपैकी काहींत पोलिसांची कुटुंबेच राहत होती. म्हणजे रस्त्यावरचा संघर्ष गणवेशातील पोलिसांपुरता मर्यादित नव्हता. शेजारची चाळ हीच पोलिसांची चाळ होती. अशा ठिकाणी 'दोन गटांत दंगल, पोलिसांनी परिस्थिती आटोक्यात आणली' अशी नेहमीची साचेबंद बातमी लागूच पडत नाही, कारण तिसरा पक्ष समजला जाणारा पोलीस दुसऱ्या पक्षाच्या घरातच राहत होता. हे दिसण्यासाठी वार्ताहराला पोलीस ठाण्यातून उठून चाळीच्या जिन्यापर्यंत जावे लागते. पुढे न्यायमूर्ती भस्मे आयोगाने या घटनांची चौकशी केली. परंतु वरळीचा इतिहास आज आपल्याला जो सविस्तर उपलब्ध आहे, तो मुख्यतः ज. वि. पवारांसारख्या कार्यकर्त्यांनी कागदपत्रे जपून लिहिल्यामुळे. महाडला नेता संपादक झाला होता. वरळीनंतर कार्यकर्ता इतिहासकार झाला.

जेथे वार्ताहर पोचलाच नाही

मुंबईत निदान वार्ताहर होते. मराठवाड्याची स्थिती निराळी होती. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी मराठवाडा विद्यापीठास डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव संमत केला आणि त्यानंतर मराठवाड्यातील खेड्यापाड्यांतील दलित वस्त्यांवर हल्ले झाले. घरे जाळली गेली, माणसे रानोमाळ झाली. आजचा धाराशिव जिल्हा, त्या वेळचा उस्मानाबाद, हाही या आगीपासून अलिप्त राहिला नाही. हेही लक्षात ठेवावे की १९८२ पर्यंत लातूरचा भाग याच जिल्ह्यात होता. त्यामुळे 'उस्मानाबाद जिल्हा' म्हणून आलेल्या त्या काळच्या नोंदी वाचताना अभ्यासकाने आजची सीमा डोळ्यांपुढे ठेवून चालणार नाही.

शहरातील घटना आणि खेड्यातील घटना यांत साक्षीच्या दृष्टीने फार मोठा फरक असतो. शहरात महामार्ग अडला की अर्ध्या तासात बातमी होते, कारण वाहतूक खोळंबते. खेड्याबाहेरच्या वस्तीला आग लागली तर कोणाचीच वाहतूक खोळंबत नाही. तालुक्याचा बातमीदार हा बहुधा त्याच गावगाड्यातील असे. त्याचे नातेगोते, त्याच्या जाहिराती, त्याचे रोजचे येणेजाणे त्या गावाशी बांधलेले असे. औरंगाबादच्या 'मराठवाडा' दैनिकाची, म्हणजे संपादक अनंत भालेराव यांची, भूमिका नामांतराच्या विरोधी होती. हैदराबाद मुक्तिसंग्रामातील एक मान्यवर सेनानी आणि या विभागातील प्रभावी लेखणी नामांतराच्या विरोधात उभी राहिली, ही वस्तुस्थिती इतिहासात नोंदवलीच पाहिजे. अशा परिस्थितीत पीडितांचे म्हणणे प्रथम ऐकले ते नंतर गावोगाव फिरलेल्या चौकशी पथकांनी. अत्याचार विरोधी समितीचा अहवाल १९७९ मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा घटना घडून महिने लोटले होते. राख थंड झाल्यावर क्रम सांगणे कठीण होते.

धाराशिवचा आणि मुंबईच्या वस्त्यांचा संबंध केवळ तुलनेचा नाही. १९७२च्या दुष्काळाने मराठवाड्यातील हजारो भूमिहीन कुटुंबांना मुंबईचा रस्ता दाखविला. पूर्व उपनगरांतील झोपडवस्त्यांत अशी कितीतरी माणसे स्थिरावली. गावात पाणवठ्यावरून अडविले गेलेले लोक शहरात आले, तेव्हा त्यांनी वस्तीच्या तोंडाशी प्रथम काय उभारले? बाबासाहेबांचा पुतळा आणि बुद्ध विहार. बाहेरून येणाऱ्या पत्रकाराला पुतळा हा 'भावनिक प्रश्न' वाटतो. ज्यांच्या घराला पक्का पत्ता नसतो, त्यांच्यासाठी तो पुतळा हाच पत्ता असतो, हे त्याला सहसा उमगत नाही. रमाबाई नगरातील लोक त्या पहाटे रस्त्यावर का आले, याचे उत्तर येथे आहे.

ज्वाळा खऱ्या, वेळ कोणती?

आता पुन्हा ११ जुलै १९९७कडे वळू. गोळीबार सकाळी थोड्याच मिनिटांत आटोपला होता. बहुसंख्य वार्ताहर आणि छायाचित्रकार तेथे पोचले, ते गोळीबाराची वार्ता समजल्यानंतर. त्यांना काय दिसले? रक्त, आक्रोश, संतप्त तरुण, पेटलेली वाहने. नंतर पोलीस पुन्हा वस्तीत आले. अश्रुधूर व लाठीमार झाला. हे सारे खरे होते आणि हे सारे गोळीबारानंतरचे होते.

पोलिसांची बाजू अशी मांडण्यात आली की, रस्त्यावर गॅसचे टँकर होते, जमाव ते पेटविणार होता, आणि तसे झाले असते तर फार मोठा अनर्थ ओढवला असता. म्हणून गोळीबार करणे भाग पडले. त्या वेळी सत्तेवर असलेल्या शिवसेना-भाजप युती शासनाकडून याच बाजूची पाठराखण झाली. जळत्या वाहनांची चित्रफीत या म्हणण्याच्या पुष्ट्यर्थ पुढे आली. चित्रफितीतील ज्वाळा कोणालाही नाकारता येणार नव्हत्या. परंतु चित्र हे 'काय' सांगते. 'केव्हा' हे ते आपणहून सांगत नाही. कॅमेरा पोचण्यापूर्वी जे घडले, ते कॅमेऱ्यात नसते आणि जे कॅमेऱ्यात असते तेच आधी घडले, असा प्रेक्षकाचा समज सहज होतो. दूरदर्शनच्या पडद्यावर पेटलेले वाहन आणि त्यापाठोपाठ गोळीबाराची वार्ता, एवढी मांडणी केली की क्रम उलटतो. त्यासाठी एकही खोटे वाक्य उच्चारावे लागत नाही.

न्यायमूर्ती गुंडेवार आयोगाने साक्षीपुरावे तपासून १९९८ मध्ये अहवाल दिला. गोळीबार असमर्थनीय होता, असा त्याचा निष्कर्ष होता. चौकशी आयोगाचे निष्कर्ष न्यायालयावर वा शासनावर बंधनकारक नसतात, हे येथे स्मरणात ठेवले पाहिजे. कदम यांना जलदगती न्यायालयाने सदोष मनुष्यवधाबद्दल जन्मठेपेची शिक्षा सुनावली, ती मे २००९ मध्ये. म्हणजे घटनेनंतर जवळजवळ बारा वर्षांनी. त्यानंतर लवकरच उच्च न्यायालयाने शिक्षेला स्थगिती देऊन त्यांना जामीन मंजूर केला. बारा वर्षांत किती वार्ताहर बदलले, किती कात्रणे जीर्ण झाली, किती वृत्तपत्रे बंद पडली, याचा विचार वाचकांनी करावा.

या काळात एका माणसाने मात्र वस्तीची पाठ सोडली नाही. १५ जुलै १९९७ रोजी, गोळीबारानंतर चौथ्या दिवशी, शाहीर विलास घोगरे यांनी मुलुंड येथील आपल्या घरी आत्महत्या केली. घोगरे यांना आनंद पटवर्धन यांनी आपल्या १९८५च्या मुंबईवरील माहितीपटासाठी चित्रित केले होते. मित्राच्या मृत्यूने हादरलेल्या पटवर्धनांनी रमाबाई नगर, तेथील खटला आणि आंबेडकरी शाहिरी यांचे चित्रीकरण चौदा वर्षे चालू ठेवले. त्यातून २०११ मध्ये 'जय भीम कॉम्रेड' हा माहितीपट पूर्ण झाला. एका दिवसात येऊन जाणारा कॅमेरा आणि चौदा वर्षे थांबणारा कॅमेरा यांच्या साक्षीत किती अंतर पडते, हे त्यात दिसते.

आपले कर्तव्य

वृत्तपत्रातील कात्रण म्हणजे सिद्ध झालेला पुरावा, असा आपल्याकडे समज आहे. तो बरोबर नाही. बातमी ही ऐकीव माहिती असते आणि ज्याने ती दिली त्याने स्वतः साक्ष दिल्याखेरीज तिच्यातील मजकूर शाबीत होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८८च्या लक्ष्मीराज शेट्टी प्रकरणात स्पष्ट केले आहे. म्हणजे प्रामाणिक पत्रकाराने सहानुभूतीने लिहिलेली बातमीदेखील, तो आयोगापुढे उभा राहावयास तयार नसेल तर, न्यायाच्या कामी फारशी येत नाही. आणि वस्तीतील माणूस साक्षीला उभा राहतो, तेव्हा 'तुम्ही नेमके किती वाजता पाहिले?' या पहिल्याच प्रश्नाला तो अडखळतो.

आज प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा असलेला मोबाईल आहे. त्यामुळे प्रश्न सुटला असे कोणी म्हणेल. वास्तविक तो अधिक बिकट झाला आहे. चित्रे अमाप झाली. त्यांचा क्रम लावणारा दुर्मीळ झाला. कापलेली, जोडलेली, जुनी चित्रफीत नव्या घटनेची म्हणून फिरते. १९९७ मध्ये जे एका चित्रफितीच्या बाबतीत घडले, ते आता रोज घडू शकते.

धाराशिव जिल्ह्यात फेब्रुवारी १९४१ मध्ये कसबे तडवळे येथे महार-मांग वतनदार परिषदेसाठी बाबासाहेब आले होते. त्या परिषदेच्या आठवणी गावाने जपल्या, म्हणून आज त्या उपलब्ध आहेत. १९७८च्या आठवणींबाबत मात्र तेवढी आस्था आढळत नाही. दुःखाची आठवण काढू नये, असे घरातील वडीलधारी माणसे म्हणतात. त्यांची भावना समजू शकते. परंतु त्या वर्षी जे वीस वर्षांचे होते ते आज पासष्टी ओलांडून गेले आहेत. विहारातील तरुणांनी त्यांच्याजवळ बसून लिहून घ्यावे. लिहिताना तीन गोष्टी कटाक्षाने पाळाव्यात : सांगणाऱ्याने स्वतः पाहिलेले आणि दुसऱ्याकडून ऐकलेले वेगळे लिहावे, तो त्या वेळी कोठे उभा होता हे नोंदवावे, आणि घटनेमागून घटना कोणत्या क्रमाने घडली हे विचारावे. घड्याळातील वेळ आठवत नसेल तर बैल सोडण्याआधी की नंतर, एस. टी. येऊन गेली होती की नाही, असे विचारावे. माणसाला वेळ आठवत नाही, पण क्रम आठवतो.

आपल्या बाजूला गैरसोयीचे असे काही त्यात आले, तर तेही गाळू नये. आपल्याकडून दगड उचलला गेला असेल तर तसे लिहावे आणि तो केव्हा उचलला गेला हेही लिहावे. भगवंतांनी धम्माला 'एहिपस्सिको' म्हटले आहे : या आणि पाहा. जे तपासणीला उघडे आहे, तेच टिकते. महाडच्या प्रकरणात बाबासाहेबांनी ठराव, तारखा आणि हकीकती उघडपणे मांडल्या, म्हणूनच त्या प्रतिपक्षाला खोडता आल्या नाहीत.

रमाबाई नगरातील दहा जणांना न्याय मिळाला काय, या प्रश्नाचे उत्तर समाधानकारक नाही. परंतु ते 'टँकर पेटविणारे' म्हणून इतिहासात गेले नाहीत, हे विसरता कामा नये. कारण वस्तीतील सामान्य माणसे आयोगापुढे उभी राहिली आणि गोळी आधी सुटली, हे त्यांनी पुन्हा पुन्हा सांगितले.